मांजर पेटीबाहेर का जातं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय जरा संकोचाचा आहे. चारचौघांत त्यावर कुणी बोलत नाही. पण ज्या घरांत मांजर आहे, त्यांतल्या कितीतरी घरांत यावरून रोज धुसफूस चालते. चांगलं शिकलेलं, वर्षानुवर्षं आपल्या रेतीच्या पेटीत जाणारं मांजर एके दिवशी पेटी सोडून गादीवर लघवी करतं. दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या कोपऱ्यात, तिसऱ्या दिवशी धुवायला काढलेल्या कपड्यांच्या ढिगावर. घरात वास सुटतो. आलेला पाहुणा काही बोलत नाही, पण नाक मुरडतो. मग सुरुवातीला ओरडा, नंतर चापट, नंतर बाल्कनीत कोंडणं, आणि शेवटी एके दिवशी मांजराला पिशवीत घालून दूरच्या मंडईपाशी सोडून येणं, असा हा प्रवास होतो.

आपल्याकडे याची मोजदाद कुणी फारशी ठेवत नाही. अमेरिकेत मात्र, पाळलेली मांजरं आश्रयगृहात आणून सोडणाऱ्यांना कारणं विचारली गेली, तेव्हा ‘घरात घाण करतं’ हे कारण अगदी वरच्या क्रमांकावर आलं. म्हणजे ही तक्रार वरवर किरकोळ दिसली, तरी तिच्यावर मांजराचं घर टिकणार की जाणार हे ठरतं. कधीकधी तर त्याचा जीव राहणार की जाणार, हेही ठरतं. म्हणून आज त्याविषयी मोकळेपणानं बोलू या.

पहिली गोष्ट अशी, की मांजर सूड उगवत नाही. ‘आम्ही चार दिवस गावाला गेलो म्हणून त्यानं मुद्दाम आमच्या गादीवर केलं’, ‘आमच्या सूनबाईंवर डूख धरलाय त्यानं’ असं लोक पशुवैद्याला अगदी खात्रीनं सांगतात. सापानंतर डूख धरण्याचा आरोप आपण बहुधा मांजरावरच करतो. पण गादीला घरच्या माणसाच्या अंगाचा वास असतो. माणूस दिसेनासा झाला, घर अनोळखी वाटायला लागलं, की घाबरलेलं मांजर त्या ओळखीच्या वासाशी आपला वास मिसळून ठेवतं. त्यातून त्याला धीर येतो. आपल्याला ती खोडी वाटते, त्याच्या दृष्टीनं ती धडपड असते. हे एकदा ध्यानात आलं, की ‘याला शिक्षा काय करू’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘याला अडचण काय आहे’ हा प्रश्न पुढे येतो. उत्तर दुसऱ्या प्रश्नातूनच मिळतं.

आता मांजर रेतीत का जातं, ते पाहू. आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातलं रानमांजर. जगभरच्या मांजरांच्या जनुकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात हे नातं स्पष्ट झालं. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या या प्राण्याला दोन देणग्या मिळाल्या. एक, थोड्या पाण्यावर निभावणारी मूत्रपिंडं, त्यामुळे मांजराची लघवी अतिशय दाट असते. दुसरी, मऊ मातीत खड्डा उकरून घाण झाकण्याची सवय. मांजराचं पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं, की आपण होऊन माती उकरायला लागतं. त्याला शिकवावं लागत नाही. म्हणजे पेटीत जाणं ही आपण लावलेली शिस्त नव्हेच. त्याच्या उपजत सवयीला आपण घरात जागा करून दिली, एवढंच.

ही पेटी तशी फार जुनी नाही. पूर्वी लोक राख किंवा वाळू ठेवायचे. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका शेजारणीनं एड लो नावाच्या तरुणाकडे मांजरासाठी वाळू मागितली. त्यानं वाळूऐवजी शोषक मातीचे दाणे दिले. इंग्रजीत जिला ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, ती ही माती. आपण तिलाच मुलतानी माती म्हणतो. शेजारीण पुन्हा तीच मागायला आली आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. पुढे १९८० च्या दशकात बेंटोनाइट नावाच्या मातीची रेती आली. ती ओली झाली की तिचा गोळा होतो आणि तेवढाच गोळा उचलून टाकता येतो. हे बेंटोनाइट आपल्या कच्छमध्ये भरपूर सापडतं आणि तिथून परदेशीही जातं. एक सूचना जाता जाता. ही रेती संडासात टाकून पाणी ओतू नका. ती फुगते आणि नळ तुंबतो. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यातच टाका.

तर मांजराला मऊ, कोरडी, उकरता येण्याजोगी, शांत आणि स्वच्छ जागा हवी असते. ती असूनही मांजर बाहेर जात असेल, तर चार शक्यता असतात. दुखणं, पेटीबद्दलची नाराजी, मनावरचा ताण, किंवा हद्द आखण्याची ऊर्मी. तपासायच्या त्या याच क्रमानं. क्रम चुकला की रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार होतो.

पहिलं दुखणं. लघवी करताना जळजळ झाली, तर मांजर त्या वेदनेचा दोष पेटीला देतं. ‘इथं गेलं की दुखतं’ एवढंच त्याला कळतं. मग ते दुसरी जागा शोधतं, थंड फरशी, न्हाणीघराची मोरी, आपली मऊ गोधडी. थोडी थोडी, वारंवार लघवी, तीत गुलाबी छटा, सतत खाली चाटणं ही मूत्राशयाच्या सुजेची लक्षणं आहेत. मूतखडे, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार यांतही लघवीचं प्रमाण किंवा वेळा बदलतात. म्हणून सवय अचानक मोडली असेल तर पहिली फेरी पशुवैद्याकडे आणि पहिली तपासणी लघवीची.

यात एक गोष्ट मी फार ठासून सांगणार आहे. ज्यांच्या घरी बोका आहे, त्यांनी ती लक्षात ठेवावी. बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. खडे, कण किंवा चिकट पदार्थाचा बोळा अडकला की लघवी पूर्ण तुंबते. बोका पुन्हा पुन्हा पेटीत जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, पण थेंबभरच येते किंवा काहीच येत नाही. पोट हाताला टणक लागतं. पुढे उलट्या होतात, तो खाणं सोडतो आणि कोपरा धरून बसतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं, म्हणून कुणी एरंडेल पाजतं, कुणी ‘उद्या रविवार आहे, सोमवारी दाखवू’ म्हणतं. तो सोमवार कित्येक बोक्यांना दिसत नाही. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम साठतं, त्याचा परिणाम हृदयावर होतो आणि एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. म्हणून कुंथणारा बोका दिसला तर रात्र असो की सुट्टी, त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. वेळेवर नळी घालून मार्ग मोकळा केला तर बहुतेक बोके वाचतात.

आणि दुखतंय म्हणून घरातली आपली गोळी त्याला देऊ नका. पॅरासिटामॉल माणसाच्या बाळाला चालतं. मांजराला अर्धी गोळीसुद्धा प्राणघातक ठरू शकते, कारण ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते.

वयस्कर मांजराचं दुखणं वेगळं. त्याचे सांधे धरलेले असतात. बारा वर्षांपुढच्या शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही, फक्त उडी मारणं कमी करतं. अशा म्हाताऱ्या मांजराला उंच काठाची पेटी ओलांडणं म्हणजे आपल्याला गुडघेदुखीत तीन जिने चढण्यासारखं. ते पेटीपर्यंत जातं आणि पेटीच्या शेजारीच करतं. इथे मांजर बिघडलेलं नसतं, पेटीचा काठ उंच असतो. एका बाजूचा काठ कापून चार बोटांवर आणा. वेदनेवरही आता उपचार आहेत, ते पशुवैद्याला विचारा.

दुसरी शक्यता पेटीची. दुखणं नाही असं ठरलं, की पेटीकडे मांजराच्या नजरेनं पाहा. खरं तर मांजराच्या नाकानं. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं. आपल्याला ‘जरासा वास’ वाटतो, तो त्याला असह्य असतो. रेल्वे स्टेशनवरच्या अस्वच्छ संडासाच्या दारातून आपण परत फिरतो ना, तसंच तेही परत फिरतं. म्हणून दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, घाण उचलायची. वरचेवर सगळी रेती बदलायची आणि पेटी गरम पाणी आणि साध्या साबणानं धुवायची.

इथे आपल्या घरांतली एक सवय आडवी येते, ती म्हणजे फिनाईल. स्वच्छता म्हणजे फिनाईलचा वास, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण मांजराला तो उग्र वास सहन होत नाही, शिवाय फिनॉलच्या जातीची रसायनं त्याच्या शरीराबाहेर नीट टाकली जात नाहीत. पंजांना लागलेलं फिनाईल ते चाटतं आणि ते पोटात जातं. पेटीला फिनाईल लावू नका. मांजर जिथे चुकून करतं, तिथे डांबराच्या गोळ्याही ठेवू नका. त्याही विषारी असतात. सुवासिक रेतीचंही तसंच आहे. गुलाबाचा किंवा लिंबाचा वास आपल्यासाठी असतो, मांजराला बिनवासाचीच बरी.

पेटीचा आकार हा आणखी एक मुद्दा. दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ पेट्या पिल्लाच्या मापाच्या असतात. मांजराला आत शिरून, गोल फिरून, उकरून, बसून, पुन्हा वळून झाकायचं असतं. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजराची जी लांबी, तिच्या दीडपट पेटी हवी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घरोघरच्या मांजरांपुढे नेहमीची आणि मोठी अशा दोन पेट्या ठेवल्या, तेव्हा मांजरांनी मोठी पेटी जास्त वापरली. आपल्याला महागडी पेटी घ्यायची गरज नाही. कपडे भिजवायचा मोठा प्लास्टिकचा टब एका बाजूनं कापून घेतला तरी उत्तम काम होतं. त्यात दोन-तीन बोटं रेती पुरते. झाकणाची पेटी आपल्याला नीटनेटकी वाटते, पण वास आतच कोंडतो. काही मांजरांना चालते, काहींना नाही. शंका आली तर आठवडाभर झाकण काढून पाहा.

रेतीबद्दल मांजरांची मतं ठाम असतात. बहुतेकांना बारीक, वाळूसारखी, पंजाला मऊ लागणारी रेती आवडते. लाकडाच्या गोळ्या, कागदाचे कपटे काही चालवून घेतात, काही नाही. बांधकामाची वाळू वापरणाऱ्यांनी ती चाळून, उन्हात वाळवून घ्यावी. पावसाळ्यात ती आठ-आठ दिवस दमट राहते आणि बरोबर त्याच दिवसांत मांजर गादीकडे वळतं. गादी कोरडी असते ना. अंगणात वाढलेलं मांजर फ्लॅटमध्ये आणलं, तर त्याच्या पायाला मातीची सवय असते. ते कुंड्या उकरतं. त्याच्या पेटीत वरचा थर कुंडीतल्या कोरड्या मातीचा द्या आणि रोज थोडी थोडी माती कमी करून रेती वाढवा. रेतीचा प्रकार बदलतानाही हीच रीत. एका रात्रीत सगळी बदलू नका. मांजराला नेमकं काय हवं हे त्यालाच विचारायचं असेल, तर दोन पेट्या शेजारी ठेवून दोन प्रकारच्या रेत्या घाला. आठवड्यात कौल मिळेल. अगदी लहान पिल्लांना मात्र गोळा होणारी रेती देऊ नका, कारण ती पिल्लं रेती तोंडात घालतात.

मग जागा. जेवणाच्या वाटीशेजारी पेटी नको. आपणही ते करणार नाही. वॉशिंग मशीनजवळ नको, कारण मांजर आत बसलेलं असताना मशीन धडधडायला लागलं, की ते पुन्हा तिकडे फिरकत नाही. बाल्कनीत ठेवली असेल, तर रात्री बाल्कनीचं दार लावलं जातं हे आपण विसरतो. पहाटे मांजर दाराशी ओरडतं, कुणी उठत नाही आणि सकाळी पायपुसणं ओलं असतं. यात दोष कुणाचा, ते तुम्हीच ठरवा.

पेट्या किती असाव्यात? जितकी मांजरं, त्यापेक्षा एक जास्त, असा नियम सांगितला जातो. आता दोन खोल्यांच्या घरात दोन मांजरांना तीन पेट्या म्हटलं, की लोक हसतात. हसण्यासारखं आहेच. पण निदान दोन पेट्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकमेकींना चिकटून ठेवलेल्या दोन पेट्या मांजराच्या हिशेबी एकच. कारण दांडगं मांजर वाटेत फतकल मारून बसलं, तर भित्र्याला दोन्हींचा रस्ता बंद. घरात मारामारी दिसत नाही, गुरगुर ऐकू येत नाही, नुसतं एकानं दारात बसायचं आणि दुसऱ्यानं मागे फिरायचं. एवढ्यावर मांजरांची भांडणं चालतात. हे चार दिवस बारकाईनं पाहिलं तर लक्षात येतं.

तिसरी शक्यता ताणाची. मूत्राशयाला सूज येते, पण तपासणीत ना जंतू सापडतात, ना खडे, असं तरुण मांजरांत फार आढळतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात टोनी बफिंग्टन या पशुवैद्यकानं यावर बरीच वर्षं काम केलं. या आजाराचा ताणाशी जवळचा संबंध असल्याचं त्यातून पुढे आलं. त्यांच्या गटानं २००६ साली ४६ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मांजरांच्या मालकांना घरातली परिस्थिती बदलायला सांगितली होती. लपायला जागा, चढायला उंचवटा, रोजचा खेळ, पाण्याची आणि पेटीची नीट सोय, दुसऱ्या मांजराशी झगडा टाळणं, अशा साध्या गोष्टी. दहा महिने पाहणी झाली आणि मूत्राशयाचा त्रास लक्षणीय कमी झाला. मांजरांचा भित्रेपणाही कमी झाला.

आपल्या घरात हा ताण कुठून येतो? घर बदललं. रंगकाम निघालं. नवं बाळ आलं. गल्लीतल्या गणपतीपुढे दहा दिवस ढोल वाजला. दिवाळीत फटाके उडाले. लग्नघरात वीस पाहुणे आठवडाभर राहिले. कधी खिडकीबाहेरच्या कठड्यावर रस्त्यावरचा बोका येऊन बसायला लागला, एवढंच. आपण म्हणतो मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते. पण मोठं मांजर घरापेक्षा जागेला जास्त चिकटलेलं असतं, त्याला फिरवलेलं सोसत नाही. अशा दिवसांत त्याला एक खोली, निदान एक कपाटाखालचा कोपरा द्या. तिथे त्याचं अंथरूण, पाणी आणि पेटी ठेवा आणि मुलांना सांगा, ते आत असताना त्याला ओढून काढायचं नाही. जेवणाच्या आणि खेळाच्या वेळा मोडू नका. पाणी जास्त पोटात जावं म्हणून दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवा. कोरड्या खाण्याबरोबर ओलं खाणं द्या. चिकन उकडलेलं पाणी द्यायला हरकत नाही, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसूण मांजराला बाधतात.

चौथी शक्यता हद्द आखण्याची. ही ओळखायला सोपी. पेटी टाळणारं मांजर खाली बसून, सपाट जागी, बरीच लघवी करतं. हद्द आखणारा बोका उभा राहतो, शेपटी ताठ करून थरथरवतो आणि मागच्या बाजूनं भिंतीवर, पडद्यावर, दारावर थोडीशी पिचकारी मारतो. तिचा दर्प वेगळाच असतो. बोक्याच्या लघवीत गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं, ते हवेत विघटित होऊन हा वास सुटतो. या बोक्याला पेटी बदलून उपयोग नाही. त्याची नसबंदी करा. साधारण दहांतल्या नऊ बोक्यांत ही सवय नसबंदीनंतर थांबते किंवा खूप कमी होते. लवकर केली तर ती बहुधा लागतच नाही. माद्याही कधीकधी असं करतात, विशेषतः माजावर असताना. खिडकीबाहेरच्या बोक्यामुळे हे चाललं असेल, तर खिडकीच्या खालच्या काचेला कागद लावा. समोरचा दिसेनासा झाला की निम्मं काम होतं.

आता झालेल्या घाणीचं काय? जिथे जुना वास आहे, तिथे मांजर पुन्हा जाणारच. आपल्याला वास येईनासा झाला म्हणजे तो गेला असं नव्हे. डाग सापडत नसतील तर दुकानदार नोटा तपासायला वापरतात तसला अतिनील दिवा खोली अंधारी करून फिरवा, लघवीचे डाग चमकतात. ताजं असेल तर आधी टिपून घ्या, घासू नका. मग पाकिटावर ‘एन्झाइम’ लिहिलेली कपडे धुण्याची पूड कोमट पाण्यात कालवून ती जागा धुवा, साध्या पाण्यानं पुसा आणि वाळू द्या. अमोनिया असलेलं द्रावण वापरू नका, मांजराला त्याचा वास लघवीसारखाच वाटतो. ब्लीचिंगही ओल्या लघवीवर टाकू नका, त्यातून घातक वायू सुटतो. जागा वाळली की तिथे मांजराची खाण्याची वाटी किंवा झोपायचं अंथरूण ठेवा. जेवायच्या जागी मांजर सहसा घाण करत नाही. ते एकाच ठिकाणी हटकून जात असेल, तर दुसरी पेटी तिथेच मांडा. वापरायला लागलं की ती पेटी रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या. घाई केली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आणि शिक्षा अजिबात नको. नाक घाणीत घासणं ही आपल्याकडे अजूनही सांगितली जाणारी अघोरी रीत आहे. त्यातून मांजर एवढंच शिकतं, की या माणसासमोर लघवी करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली, कपाटामागे, तुमची पाठ वळल्यावर करतं. शिवाय भीतीनं ताण वाढतो आणि ताणानं मूत्राशयाचा त्रास बळावतो.

आणखी एक प्रश्न हमखास येतो. घरात सून किंवा मुलगी गरोदर असली, की ‘मांजर आधी घालवा’ असा सल्ला सगळे देतात. मांजर नेमकं त्याच दिवसांत पेटीबाहेर जायला लागलं, तर त्याची रवानगी ठरलेलीच. टॉक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची ही भीती आहे आणि ती पूर्ण निराधार नाही. पण तो मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, लघवीतून नव्हे, आणि बाहेर पडल्यावर बाधा करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे पेटी रोजच्या रोज साफ केली, ते काम घरातल्या दुसऱ्या कुणी केलं, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि स्वयंपाकात मांस नीट शिजवलं, भाज्या नीट धुतल्या, तर मांजर घालवण्याचं कारण उरत नाही. या संसर्गाच्या वाटांत कच्चं-अर्धकच्चं मांस आणि मातीही येतात, हे आपण विसरतो. पतीनं नऊ महिने मांजराची पेटी साफ केली, तर घरात आणखीही काही चांगल्या सवयी लागतील.

एवढं सगळं करून किती दिवसांत फरक पडतो? दुखणं असेल तर उपचारानंतर काही दिवसांत. पेटीचा दोष असेल तर आठवडा-पंधरवड्यात. ताणाचं मूळ असेल तर महिना-दोन महिने लागतात, आणि मधून एखादा दिवस पुन्हा चुकतो. म्हणून एक साधी वही ठेवा. कुठे केलं, केव्हा केलं, उभ्यानं की बसून, त्या दिवशी घरात काय झालं होतं, एवढ्या चारच नोंदी. दोन आठवड्यांची ती वही घेऊन पशुवैद्याकडे गेलात, तर त्याचं निम्मं निदान तुम्हीच केलेलं असतं.

मंडईपाशी मांजर सोडून येण्याविषयी सुरुवातीला म्हणालो. लोकांना वाटतं, मांजर काय, कुठेही जगेल. घरात वाढलेलं मांजर उकिरड्यावर शिकत नाही, ते गाडीखाली येतं किंवा कुत्र्यांच्या तोंडी जातं. आणि पाळलेला प्राणी कारणाशिवाय असा उपाशी-तहानेला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी-क्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण कायद्याचा धाक दाखवण्यासाठी मी हे बोलत नाही. पिशवीत घातलेल्या त्या मांजराला मूत्राशयाची सूज असू शकते, आणि ती चार दिवसांच्या औषधानं, एका मोठ्या टबानं किंवा खिडकीला लावलेल्या कागदानं बरी होण्यासारखी असू शकते.

तेव्हा उद्या सकाळी गादी ओली दिसली, तर आधी चादर बाजूला करा आणि मांजराकडे पाहा. बोका कुंथत असेल तर रिक्षा बोलवा. तसं नसेल तर पेटीपाशी जा, खाली वाका आणि एक श्वास घ्या. पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं.